पेडणेकर युनिव्हर्सिटीला जातात

सकाळी साडेनऊला पेडणेकर काका युनिव्हर्सिटीला निघतात. अंगात कोट, गळ्यात मफलर, खांद्याला बॅग, हातात दोन पुडांचा डबा. दाराला कुलूप लावतात, ते लागलं की नाही हे दोनदा ओढून बघतात, चार पावलं चालून घरासमोरच्या ड्राइव्हवर उभ्या असलेल्या आपल्या निळ्या गाडीत बसतात, आरसा नीट करतात आणि बेल्ट लावतात. गाडी तिथंच उभी राहते. साडेबाराला ते बेल्ट काढतात, उतरतात, गाडी लॉक करतात आणि चार पावलं चालून घरी येतात. चेहऱ्यावर लांबून आल्याचा शीण असतो.

मधल्या तीन तासांत गाडी इंचभरही हललेली नसते. ती हलणारच नाही. तिची बॅटरी उतरून तीन वर्षं झाली. डाव्या मागच्या चाकाखाली गवत वाढलंय आणि गेल्या उन्हाळ्यात तिथं दोन पिवळी फुलंही आली होती. घरातून एक्स्टेन्शनची वायर दाराच्या लेटरबॉक्समधून बाहेर येते आणि गाडीच्या खिडकीच्या फटीतून आत जाते. डॅशबोर्डवर चिकटवलेल्या फोनला त्यातून वीज मिळते आणि इंटरनेट मिळतं माझ्या घरातून. तो पासवर्ड मीच कधीकाळी, संबंध चांगले असताना, त्यांना दिला होता.

विश्राम पेडणेकर माझे शेजारी. लंडनजवळच्या स्लाऊमध्ये एकतीस वर्षं बस चालवून रिटायर झाले. आता वय सदुसष्ट. गेली सहा वर्षं ते घरबसल्या, म्हणजे गाडीबसल्या, एका युनिव्हर्सिटीची पदवी करतायत. उपयोजित परकीय भाषा. मुख्य इटालियन, जोडीला स्पॅनिश. पुस्तकं पोस्टानं येतात, बाई फोनवर दिसतात, निबंध कॉम्प्युटरवरून जातात.

‘‘अहो काका, सोफ्यावर बसून शिका की,’’ मी एकदा म्हणालो होतो. ‘‘तीच तर सोय आहे या शिक्षणाची.’’

‘‘माने, मी आयुष्यात जे काही शिकलो ते स्टीअरिंगच्या मागं बसून शिकलो. सोफ्यावर बसलं की मला झोप येते. आणि युनिव्हर्सिटीला जाणाऱ्या माणसानं घरातून बाहेर नको का पडायला?’’



काकांची गाडी न चालता कुठंकुठं जाऊन येते. माझं स्वयंपाकघर त्यांच्या ड्राइव्हला लागून आहे. मी कामाला युनिटवर जायच्या आधी सिंकपाशी उभा राहून चहा पितो, तेव्हा समोर धुक्यात ती निळी गाडी आणि काचेआड काका असतात. काच आतून धुरकटलेली असते. त्यामागं एक बोट वर होतं, ओठ हलतात, मान डोलते. डोक्यावरून हीथ्रोला उतरणारं विमान गेलं की काका वाक्य अर्ध्यावर थांबवतात, बोट तसंच वर ठेवतात आणि विमान गेल्यावर पुढचं अर्धं म्हणतात. एकदा मी मुद्दाम बाहेर जाऊन ऐकलं. एक शब्द कळला नाही, पण पाय निघेना. चहा गार झाला. बाहेर बारीक पाऊस, आत एक म्हातारा, हातवाऱ्यांवरून वाटलं, कुठल्यातरी अनोळखी गावचा पत्ता विचारतोय आणि स्वतःच स्वतःला सांगतोय की पुढून डावीकडं वळा. मला क्षणभर वाटलं की वळलं तर तिथं गाव असेलही.

दुपारी माझी बायको सुनंदा कुंपणापलीकडून विचारायची, ‘‘काका, आज कुठं?’’

‘‘इटलीत. बोलोन्या.’’ नाक थंडीनं लाल, पण डोळे उन्हानं मिटल्यासारखे. ‘‘ऊन होतं. रस्त्याला दोन्ही बाजूंनी कमानी आहेत, सुनंदा. पावसात छत्री लागत नाही. चालत राहायचं नुसतं.’’

आमची रिया इथंच जन्मली. नोकरीसाठी बाहेर जाण्याआधी ती खिडकीतून ओरडायची, ‘‘आई, काका बोलोन्यावरून आली!’’ तिच्या मराठीत सगळ्यांनाच अधूनमधून स्त्रीलिंग मिळतं. काका तिला कधी सुधारायचे नाहीत. म्हणायचे, ‘‘पोचलं ना? मग झालं.’’

व्याकरण त्यांनी गिअरला बांधलंय. वर्तमानकाळ म्हणजे पहिला गिअर. भविष्यकाळ दुसरा, रस्ता मोकळा असेल तर तिसरा. भूतकाळ रिव्हर्स. ‘‘आधी आरशात बघायचं, मगच भूतकाळात जायचं.’’ आणि ‘असं झालं असतं तर तसं झालं असतं’ अशी जी वाक्यं असतात, ती सगळी न्यूट्रलमध्ये. मी त्यांना त्या दांड्याशी खेळताना बघितलंय. न्यूट्रलमध्ये ते फार वेळ असतात.

त्यांची बोलीही सगळी डेपोतली. नको त्या प्रश्नाला उत्तर, ‘‘पुढच्या स्टॉपला सांगतो.’’ आणि भाषांतराबद्दल बोलायला लागले की एकच घोष, ‘‘जो चढला, तो उतरला पाहिजे.’’ म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडून जो शब्द निघाला, तो ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचलाच पाहिजे, मध्ये गळता कामा नये. घरी परत आल्यावर ते आधी स्वतःच्याच घराची बेल वाजवतात, थोडं थांबतात, मग खिशातून किल्ली काढतात. घरात कुणी नाही. मालतीकाकू जाऊन सात वर्षं झाली. मी सुनंदाला एकदा म्हणालो, बेल ऐकल्याशिवाय ड्रायव्हरला दार उघडता येत नसेल. ती हसली नाही.

आता अडचणीचं सांगतो. या पदवीत शेवटी एक तोंडी परीक्षा असते, दुभाष्याच्या कामाची. एका बाजूला इंग्रजी बोलणारा, दुसऱ्या बाजूला इटालियन बोलणारा, मध्ये तुम्ही. ती पास झाल्याशिवाय डिग्री नाही आणि संधी दोनच. पहिली काकांनी घालवली. सहा वर्षांत एकही पेपर न राहिलेला माणूस त्यात नापास झाला. विचारलं तर म्हणाले, ‘‘मध्येच नेट गेलं.’’

नेट माझं होतं. त्या दिवशी मी घरातूनच दिवसभर व्हिडिओवर माल बघत होतो. नेट सेकंदभरही गेलं नव्हतं. पण मी बोललो नाही. माणूस खोटं सांगतो तेव्हा लगेच पकडू नये, काय दडवतोय ते आधी बघावं, ही माझी धंद्यातली सवय.

धंदा माझा टाइल्सचा. इचलकरंजीहून आलो तेव्हा दुसऱ्याच्या गोदामात खोकी उचलली. आज ट्रेडिंग इस्टेटमध्ये माझं स्वतःचं युनिट आहे. कुणी हातात आणून दिलेलं नाही, प्रत्येक गोष्ट ताणून, रडून, भांडून मिळवलेली आहे. म्हणून गेल्या वर्षी जे झालं, ते मला अजून पचलेलं नाही.

इटलीतल्या एका छोट्या कारखान्याचा माल मला हवा होता. मालक एत्तोरे नावाचा म्हातारा, स्वतः भेटायला येणार होता आणि त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याचा पुतण्या त्याच्यासाठी बोलतो, पण मी म्हटलं, त्याचा माणूस नको, माझा हवा. काकांना विचारलं. दुसऱ्या संधीआधी त्यांना सराव हवाच होता. फुकटात दुभाष्या मिळाला म्हणून मी खूश.

काका ब्लेझर घालून आले. हातात वही. मीटिंगच्या आधी मला बाजूला घेतलं.

‘‘माने, नियम ऐका. मी ‘मी’ म्हणणार, म्हणजे ते तुम्ही. समोरचा बोलेल तेव्हाही मी ‘मी’ म्हणणार, म्हणजे तो. आणि बोललेलं सगळं जाणार.’’

‘‘बरं बरं.’’

‘‘सगळं म्हणजे सगळं, माने.’’

‘‘अहो काका, कळलं! चला, म्हातारा वाट बघतोय.’’

तासभर छान चाललं. मग भावावर गाडी अडली. एत्तोरे डोळे चोळत होता. मी काकांकडं झुकलो आणि हळू आवाजात, अर्थात मराठीत, म्हणालो, ‘‘ऐका. म्हातारा दमलाय. विमानातून उतरून सरळ इथं आलाय. याला दोन वाजेपर्यंत जेवायला सोडायचं नाही, भुकेनं आपोआप खाली येतो की नाही बघा. आणि आपल्याला हा माल देणारा दुसरा कुणी नाही, हे याला कळता कामा नये.’’

काका वहीत भराभर टिपून घेत होते. मला वाटलं, डाव लक्षात ठेवतायत. मग ते एत्तोरेकडं वळले आणि माझ्यासारखेच पुढं झुकून, माझ्यासारख्याच हळू आवाजात, इटालियनमध्ये बोलायला लागले. बराच वेळ बोलले. एत्तोरेच्या भुवया वर गेल्या. त्यानं कॉफीचा कप खाली ठेवला. मग तो शांतपणे काहीतरी म्हणाला आणि काका माझ्याकडं वळले.

‘‘मी दमलोय हे खरं आहे. पण मी विमानात सँडविच खाल्लंय, त्यामुळं दोनपर्यंत आरामात बसू शकतो. तुम्हाला दुसरा कुणी नाही हे ऐकून मात्र वाईट वाटलं.’’



‘‘तुम्ही सांगितलंत?’’ मी ओरडलो.

काकांनी लगेच एत्तोरेकडं वळून, त्याच पट्टीत ओरडून, ते त्याला विचारलं. तो दचकला. छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणाला.

‘‘मी? मी कुणाला काय सांगितलं?’’ काका मला म्हणाले.

‘‘अहो, तो नाही, तुम्ही! काका, तुम्ही!’’

तेही गेलं.

‘‘मी तुमचा काका नाही,’’ काका गंभीरपणे मला म्हणाले, एत्तोरेच्या वतीनं.

‘‘गप्प बसा! एकदम गप्प!’’

हेही पोचलं, टेबलावर मारलेल्या मुठीसकट. एत्तोरे हाताची घडी घालून शाळेतल्या पोरासारखा गप्प बसला. मी गप्प. कुणीच बोलत नाही म्हटल्यावर काकाही गप्प. दोन मिनिटं युनिटमध्ये फक्त फोर्कलिफ्टचा आवाज येत होता.

सौदा झाला, पण एत्तोरेच्या अटींवर. आणि सगळ्यात जास्त राग याचा, की त्या म्हाताऱ्याला मी आवडलो. जाताना त्यानं मला मिठी मारली. काका शेजारी उभे राहून सांगत होते, ‘‘इतकी वर्षं धंदा करतोय, पण समोरच्यानं पोटातलं असं उघडून समोर ठेवलेलं पहिल्यांदा बघतोय. तुम्ही फार सरळ माणूस आहात.’’ मला कुणी सरळ म्हणावं! धंद्यात नाव खराब व्हायचं.

तो गेल्यावर मी काकांना पार्किंगमध्येच धरलं.

‘‘मी तुम्हाला माझ्या बाजूनं आणलं होतं!’’

‘‘इंटरप्रिटरला बाजू नसते, माने.’’

‘‘मग एवढं एक वाक्य सोडता आलं नाही? शेजारधर्म म्हणून?’’

त्यांचा चेहरा एकदम उतरला. ‘‘नाही सोडता येत,’’ ते म्हणाले. ‘‘एकसुद्धा नाही.’’

त्यानंतर चार महिने मी त्यांच्याशी बोललो नाही. माझी शिडी त्यांच्याकडं होती, ती गरज नसताना परत आणली. पासवर्ड बदलायला निघालो होतो, पण सुनंदानं असं बघितलं की फोन खाली ठेवला. ख्रिसमसला एत्तोरेनं इटलीहून उंच टोपीसारखा केक पाठवला. कुणाला? पेडणेकरांना. सुनंदा त्यातला अर्धा घेऊन आली. मी खाल्ला नाही. म्हणजे तिच्यासमोर खाल्ला नाही.

ती मात्र रोज त्यांच्या गाडीत जाऊन मागच्या सीटवर बसायची. सरावासाठी समोर माणूस लागतो. बाईंनी सरावाचे संवाद पाठवलेले होते, एकेका कागदावर एकेक. घर भाड्यानं घेणारा, दुकानदाराशी भांडणारी, पोलिसात तक्रार देणारा. इटालियन ओळीखाली इंग्रजी अर्थ दिलेला असे. सुनंदा तो वाचून मराठीत बोलायची, काका तेच इटालियनमध्ये न्यायचे. माझी बायको रोज तासभर शेजाऱ्याच्या बंद गाडीत बसून ‘माझी सायकल चोरीला गेली’ म्हणतेय, हे मी सिंकपाशी उभा राहून बघत होतो.

परीक्षेला तीन दिवस राहिले आणि रियाचा साउथहॅम्प्टनहून फोन आला. तिकडं हॉस्पिटलात नोकरी करते, फ्लॅट बदलायचा होता. ‘‘आई, तू ये ना, मला एकटीला सगळा पॅकिंग होत नाही.’’ सुनंदा बॅग भरून निघाली. दारात म्हणाली, ‘‘काकांकडं तुम्ही जा.’’

‘‘मी? त्या माणसाकडं?’’

‘‘शेवटची संधी आहे त्यांची. या खेपेला गेली तर सहा वर्षं पाण्यात. आणि तुमचं काय गेलं हो एवढं? माल चांगला निघाला ना?’’

माल चांगला निघाला होता. तो मुद्दा वेगळा.

दुसऱ्या दिवशी मी गाडीच्या काचेवर टकटक केलं. काकांनी हँडल फिरवून काच खाली केली.

‘‘अर्धा तास,’’ मी म्हणालो. ‘‘टाइल्सचा विषय निघणार नाही.’’

‘‘एक तास,’’ ते म्हणाले. ‘‘विषय निघणार नाही.’’

‘‘पाऊण.’’

‘‘बसा. बेल्ट लावा.’’

मागच्या सीटवर ब्लँकेट होतं, गरम पाण्याची पिशवी होती आणि कागदांचा गठ्ठा. बाहेर पाऊस इतका बारीक होता की तो पडतोय की नुसता हवेत उभा आहे ते कळेना. काच धुरकटली. थोड्या वेळानं मला माझं घरही दिसेनासं झालं. मी भाडेकरू झालो, दुकानदार झालो, माझी सायकल चोरीला गेली. मी मराठीत चिडायचो आणि समोरून इटालियनमध्ये माझाच चिडका आवाज यायचा, पण गोल होऊन, पाण्यात पडल्यासारखा. पाऊण तास कधी संपला ते मी बघितलं नाही.

गठ्ठा चाळताना मात्र माझ्या हाताला एक गोष्ट लागली. सगळे कागद वापरून मऊ झालेले, कडा दुमडलेल्या, चहाचे डाग. एक कागद कोरा करकरीत. मी आयुष्य गोदामात काढलंय. कुठलं खोकं उघडलंय आणि कुठलं उघडायचं टाळलंय, हे मला हात लावून कळतं.

‘‘काका, हा कुठला? हॉस्पिटल. हा तर केलेलाच नाही.’’

‘‘तो पुढच्या स्टॉपला.’’

‘‘परवा परीक्षा आहे. स्टॉप संपले. हाच आला तर?’’

‘‘माने, पाऊण तास झाला.’’

‘‘मी विचारतोय, हाच आला तर?’’ माझा आवाज चढला.

काका आरशातून माझ्याकडं बघत होते. ‘‘मागच्या वेळी हाच आला होता,’’ ते म्हणाले.

मग नेट गेलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं. परीक्षेतली म्हातारी पेशंट हॉस्पिटलच्या पलंगावरून काहीतरी विचारते. ते त्यांना नीट कळलं, इटालियनही येत होतं, इंग्रजीही. पण तोंडातून निघेना. बाई दोन मिनिटं थांबल्या आणि मग त्यांनी परीक्षा बंद केली.

‘‘मालतीला स्ट्रोक आला ना,’’ ते म्हणाले, ‘‘तेव्हा तिचं इंग्रजी गेलं. तीस वर्षं इथल्या शाळेच्या कँटीनमध्ये सगळ्यांशी इंग्रजीत बोलणारी बाई. सगळं पुसलं गेलं, मराठी तेवढी राहिली. मी असलो की मी सांगायचो नर्सना, हिला पाणी हवंय, उशी हवीय. त्या दिवशी मी ड्युटीवर होतो. संध्याकाळी पोचलो तेव्हा ती बोलण्यापलीकडं गेली होती. नर्स म्हणाली, दुपारभर एकच वाक्य म्हणत होत्या. प्रत्येकाकडं बघून, अगदी पोलाइटली. आम्हाला काही कळलं नाही, सॉरी.’’

पाऊस आता टपावर वाजायला लागला होता.

‘‘मी विचारलं, कसं वाक्य होतं? तिला म्हणून दाखवता येईना. एवढंच म्हणाली की शेवटाला आवाज वर जायचा. म्हणजे प्रश्न होता. माने, ती काहीतरी विचारत होती.’’

मी मांडीवरचे कागद उगाच सारखे केले.

‘‘शेजारच्या पलंगावर एक इटालियन आजी होत्या. त्यांचंही कुणाला कळायचं नाही. नर्स म्हणाली, त्या आजी मात्र मालतीला उत्तर देत होत्या. दर वेळी. मालती मराठीत विचारायची, त्या इटालियनमध्ये काहीतरी लांबलचक सांगायच्या, मग ती थोडा वेळ शांत व्हायची.’’ काकांनी बोटानं काचेवरचं धुकं पुसलं, ते लगेच परत आलं. ‘‘तिला शेवटचं जे उत्तर मिळालं, ते इटालियनमध्ये मिळालं. म्हणून आधी म्हटलं, ती भाषा तरी कशी आहे बघू. मग वाटलं, अशा कितीतरी असतील.’’

त्यांनी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला होता. कुठल्या गिअरमध्ये होता ते मी बघितलं नाही.

मी तो करकरीत कागद घेतला. ‘‘हा करायचा,’’ मी म्हणालो. ‘‘आत्ता. तुम्ही म्हणालात ना, एकसुद्धा वाक्य सोडता येत नाही?’’

‘‘माने—’’

‘‘मी पेशंट. चला.’’

माझा आवाज लॉरीवरून माल उतरवून घेताना लागतो तसा आहे. जन्मात मी कुणाशी पोलाइटली बोललेलो नाही. तरी जमेल तेवढा खाली आणला आणि कागदावरची पहिली ओळ मराठीत म्हटली. ‘‘माझ्या घरचं कुणी आलंय का?’’

काका स्टीअरिंग धरून बसले. आरशात फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं. वरून एक विमान गेलं, ते जाईपर्यंत थांबलो. आणखी थांबलो.

मी पुन्हा म्हटलं, ‘‘माझ्या घरचं कुणी आलंय का?’’

पाचव्यांदा म्हटलं तेव्हा काकांनी ते नेलं. आवाज फाटला, पण नेलं. ‘मी’ म्हणून, तिच्या जागी बसून, शेवटाला आवाज वर नेऊन. मग दुसरी ओळ. मग तिसरी. कागद संपला तेव्हा दोन तास झाले होते आणि माझे दोन्ही पाय आखडले होते. त्या दिवशी युनिटवर मी गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला. संध्याकाळपर्यंत त्या कागदाच्या कडाही दुमडल्या.

परीक्षेच्या दिवशी मी घरातला टीव्ही, लॅपटॉप, रियाचा जुना टॅब, सगळं बंद करून ठेवलं, नेट फक्त त्यांना मिळावं म्हणून. सिंकपाशी उभा राहिलो. काचेआड काही दिसत नव्हतं. एक हात तेवढा अधूनमधून वर होत होता.

बाहेर आले ते हसत. मी अनवाणीच ड्राइव्हवर गेलो.

‘‘काय झालं? हॉस्पिटल?’’

‘‘कसलं हॉस्पिटल! रेल्वे स्टेशन. एका बाईची बॅग हरवलेली. आत काय होतं ते सगळं सांगत बसली. हेअरड्रायर, मोजे, नवऱ्याच्या गोळ्या. एकूण एक पोचवलं, माने. मोजेसुद्धा, रंगासकट. परीक्षेच्या बाई म्हणाल्या, निकाल पत्रानं येईल, पण तुम्ही आता झोपायला हरकत नाही.’’

‘‘म्हणजे एवढं सगळं केलं ते—’’

‘‘फुकट गेलं,’’ ते म्हणाले आणि हसू तसंच राहिलं, पण थोडं ढिलं पडलं.

मी घराकडं वळलो. पाय गार पडले होते.

‘‘माने, घाईत आहात?’’

‘‘युनिटवर जायचंय. का?’’

‘‘काही नाही.’’ त्यांनी मफलर सारखा केला. ‘‘परीक्षा झाली ना आता. म्हणजे मी आत्ता इंटरप्रिटर नाही. दुभाष्यानं नुसतं पलीकडं न्यायचं असतं, स्वतः उत्तर द्यायचं नसतं. दोन दिवस तेच केलं.’’ त्यांनी गाडीचं दार परत उघडलं. ‘‘ती पहिली ओळ परत एकदा म्हणाल? कागद नको.’’

आम्ही गाडीत बसलो. मी मागं, ते पुढं. बेल्ट कुणी लावला नाही. मी घसा साफ केला आणि जमेल तितक्या हळू म्हणालो, ‘‘माझ्या घरचं कुणी आलंय का?’’

काकांनी मान खाली घातली.

‘‘आलोय गं,’’ ते म्हणाले. ‘‘कधीचा इथंच बसलोय.’’